आषाढातली कंबर, चैत्रातला व्यायाम

'वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही.' स्लिप डिस्कच्या पेशंटला मिळणारा हा तीन कलमी सल्ला. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो एक वेळ पाळता येईल. महाड-पोलादपूरच्या वाडीवर राहणाऱ्या बाईने तो ऐकून नेमकं करायचं काय, हे मला कोणी समजावून सांगेल का? भाताची लावणी वाकूनच होते. राबासाठी तोडलेल्या कवळाचा भारा डोंगरावरून डोक्यावरच येतो. घरात गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या दारी जमिनीलाच असते. म्हणजे सल्ला पाळायचा तर जगणंच बंद करायला हवं. मग माणसं काय करतात? महिनाभर पडून राहतात, कंटाळतात, आणि आषाढ लागला की सगळं विसरून एकदम आठ तास चिखलात वाकतात. मग पुन्हा पडतात.

माझं म्हणणं सरळ आहे. 'हे करू नका' ही यादी आपल्याकडच्या कंबरदुखीवर औषध नाही. ज्याला आषाढात वाकायचंच आहे त्याला दिवाळीपासून हळूहळू त्याची तयारी करायला शिकवणं, हे औषध आहे. लावणीला एखाद्या खेळाच्या मोसमासारखं वागवायला हवं. कबड्डीच्या टीमला सराव लागतो, मग लावणीच्या टीमला का नको?

(मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण २०१९ पासून एल५-एस१ची एक चकती सोबत घेऊन हिंडतो आहे, आणि फिजिओच्या बाकावर बरेच तास काढले आहेत. तेवढ्या अधिकारावर लिहितोय.)

आधी नावाचा घोळ. 'मणका सरकला' असं आपण म्हणतो. सरकलेली गोष्ट कोणीतरी परत जागेवर बसवावी, हे ओघानेच आलं. म्हणून मणका 'बसवून' देणारे प्रत्येक तालुक्यात असतात. खरं तर मणकाही सरकत नाही आणि चकतीही. चकती म्हणजे बाहेरून चिवट तंतूंचे एकावर एक वेढे आणि आत मऊ गर. वेढे मागच्या बाजूने चिरतात, गर तिकडे फुगतो किंवा बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या शिरेला डिवचतो. मग कंबरेपासून पावलापर्यंत ती प्रसिद्ध कळ. या दुखण्याचं मूळ चकतीत असतं हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली नीट मांडलं. त्यानंतर शस्त्रक्रियांचं युग आलं, आणि त्यासोबत सक्तीच्या विश्रांतीचंही. लाकडी फळीवर तीन-तीन आठवडे उताणं झोपलेले काका-मामा माझ्या पिढीने पाहिलेले आहेत.

विश्रांतीचा हा आग्रह केव्हाच मोडीत निघालाय, पण आपल्याकडे बातमी पोहोचायची आहे. हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर अचानक धरलेल्या लोकांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला ठरावीक व्यायाम दिले, तिसऱ्याला फक्त सांगितलं की झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. गंमत म्हणजे दुखणं ताजं असताना व्यायामवालेही मागे पडले. म्हणजे पहिल्या दिवसांत ना अंथरूण, ना व्यायामाचा उत्साह. झेपेल तेवढं चालायचं, बस्स.

दुसरी गोष्ट एमआरआयची. तो रिपोर्ट हातात आला की घरात सुतक पडतं. 'तीन ठिकाणी गॅप आहे म्हणे!' आता हे ऐका. काहीही दुखत नसलेल्या तीनेक हजार माणसांच्या एमआरआय-सीटीचा आढावा २०१५ साली अमेरिकेत घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकत्यांची झीज दिसली, ऐंशीत ९६ टक्क्यांत. फुगलेली चकती विशीतही ३० टक्क्यांना होती. आणि यांचं काहीच दुखत नव्हतं! मग रिपोर्टला फेकून द्यायचं का? नाही. पण पाय कुठे दुखतो, ताकद कुठे कमी झाली, खोकल्यावर कळ जाते का, याच्याशी तो जुळतो का ते डॉक्टरांकडून समजून घ्यायचं. नुसत्या फोटोला घाबरून शेत विकायला काढायचं नाही.

हे विनोदाने लिहीत नाहीये. आमच्या घरात हे झालं आहे.

वहिनींची कंबर गेल्या लावणीत धरली. डावा पाय पोटरीपर्यंत ठणकत होता. रिपोर्ट आला, एल४-एल५. तपासणाऱ्यांनी सांगितलं, आता जन्मभर वाकायचं नाही. गोळ्या, पट्टा आणि हे एक वाक्य. त्या वाक्याने घरात जे केलं ते चकतीनेही केलं नव्हतं. दादा म्हणाला, खाचरं अर्धेलीने देऊन टाकू. आत्या म्हणाली, आमच्या वेळी नव्हती ती डिस्क-बिस्क. शेजारच्या कोणीतरी 'काम टाळायला बरं निमित्त' असंही बोलून घेतलं. आणि वहिनींनी मला फोनवर विचारलं, "भावजी, मग मी आता जन्मभर काय खांबासारखी उभी राहू?"

या प्रश्नाला 'हो' हे उत्तर असूच शकत नाही. चकती काही काच नव्हे. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू जिरवून टाकतं, आणि नवलाची गोष्ट अशी की मोठा तुकडा बाहेर पडलेला असेल तर तो जिरण्याची शक्यता उलट जास्त असते. पायातली कळ बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, ऑपरेशनशिवाय उतरते. पण या काळात स्नायू मऊ पडतात आणि भीती घट्ट होते. पुढचा सगळा खेळ या दोघांशी आहे.

महाडबद्दल एक आठवण इथे करून द्यावीशी वाटते. महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर काम केलं, प्राझोसिन या औषधाने माणसं वाचतात हे १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आणलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेतात, गवतात, उडव्यांत हात घालणाऱ्या माणसाला काय चावतं याकडे एका डॉक्टरने लक्ष दिलं म्हणून ते घडलं. त्याच शेतात वाकणाऱ्या माणसाच्या पाठीकडे असं कोणी बघितलंय का? विंचू एका रात्रीत मारतो, पाठ वीस वर्षं घेते. म्हणून ती बातमी होत नाही.

बरं, मग लावणीत पाठीचं नेमकं काय होतं? स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला (स्वयंसेवकांना दंडवत!). झोपल्यावर सर्वांत कमी, उभं राहिल्यावर जास्त, वाकून वजन उचलताना कितीतरी जास्त. पण लावणीत मुठीतल्या रोपांना वजन ते काय? तिथे त्रास वजनाचा नाही, वेळेचा आहे. तास-तास वाकून राहिलं की मण्यांना मागून धरणारे बंध ताणून सैलावतात. कॅनडातल्या मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकात दाखवलं की वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर आलेला हा सैलपणा अर्ध्या तासानंतरही पूर्ण जात नाही. म्हणजे खाचरातून वर आल्या आल्या जी बाई रोपांचा भारा उचलायला जाते, तिची पाठ त्या क्षणी सर्वांत उघडी असते. वाकण्याने जे होत नाही ते वाकल्यानंतरच्या त्या पहिल्या उचलण्याने होतं.

मुंबईकरांनो, तुम्ही हसू नका. गणपतीला गावी येताना मुंबई-गोवा हायवेवर सहा-सात तास पोक काढून बसता, २०११ साली सुरू झालेल्या चौपदरीकरणाच्या खड्ड्यांतून धक्के खाता, आणि गाडी थांबल्याबरोबर डिकीतून पंचवीस किलोची बॅग हिसका देऊन काढता. हे तेच! बसणं म्हणजे वाकणंच, आणि हादरे वर फुकट. दोन दिवसांनी आरतीला उभं राहता येत नाही तेव्हा सगळे म्हणतात, गावची हवा बाधली. माणगावला, महाडला उतरून पाच मिनिटं चाला. गावी पोहोचल्यावर आधी देवाला नमस्कार (उभ्यानेच), चहा, अंगणात दोन फेऱ्या, मग बॅग. कमी खर्चाचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

तसंच सकाळचं. रात्रभर झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली चकती वाकण्याला जास्त ताण देते. उठल्यावर पहिले दोन तास वाकणं टाळलं तर जुनाट कंबरदुखी कमी होते असं स्नूक यांच्या १९९८च्या अभ्यासात दिसलं. आता आपल्या बायका पहाटे उठून पहिलं काम कुठलं करतात? अंगण झाडणं, सडा घालणं. वाकून! कामांचा क्रम उलटा केला, आधी चालती-फिरती कामं आणि झाडलोट नंतर, तर पैसा लागत नाही. लागतो तो फक्त सासूबाईंचा होकार. आणि खराट्याला लांब बांबू बांधला तर तोही लागत नाही.

आता एक अप्रिय विषय. सूर्यनमस्कार.

आपण मराठी माणसं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, शाळांत नेले, त्यावर पुस्तक लिहिलं. महाड तालुक्यातल्याच शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे, आणि समर्थ म्हटलं की मारुती, बलोपासना, नमस्कार हे आलंच. त्यामुळे कंबर दुखते म्हटलं की पहिला सल्ला, 'रोज बारा घाला, सगळं सुटेल.' मला सूर्यनमस्कारांबद्दल आदर आहे. पण गुडघे ताठ ठेवून हात जमिनीला टेकवण्याची ती स्थिती म्हणजे पूर्ण वाकणं, तेही पहाटे, तेही एका नमस्कारात दोनदा. ताज्या फुटलेल्या चकतीला याहून वाईट वेळ आणि वाईट स्थिती शोधून सापडणार नाही. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि जिममधले सिट-अप यांचंही तेच. पहिले तीन महिने हे बाजूला. नंतर, पाय पूर्ण शांत झाल्यावर, गुडघे वाकवून, दुपारी किंवा संध्याकाळी, एक-दोनने सुरुवात. कोणाला धर्म बुडाल्यासारखं वाटत असेल तर नाइलाज आहे.

त्याच नमस्कारातला भुजंगासनाचा भाग मात्र अनेकांना लागू पडतो. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींना हे १९५६ साली योगायोगाने कळलं. पाय दुखणारा एक पेशंट त्यांच्या दवाखान्यात डोक्याकडून वर उचललेल्या खाटेवर चुकून पालथा झोपून राहिला, म्हणजे पाठ मागे वाकलेली, आणि उठला तो पायातली कळ गेली म्हणून सांगतच! त्यावर त्यांनी पुढे अख्खी पद्धत उभी केली. त्यातली एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी इतकी सोपी आहे. व्यायाम करताना कळ पावलाकडून पोटरीकडे, पोटरीकडून कंबरेकडे सरकत वर आली तर चांगलं, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे पळाली तर तो व्यायाम तुमचा नाही, थांबा. काही जणांना मागे वाकणंच सोसत नाही. त्यांचा रस्ता वेगळा. म्हणून एकाने दुसऱ्याचे व्यायाम उचलू नयेत. फिजिओकडे एकदा तरी जावंच.

वहिनींना महाडला एका फिजिओताईंनी जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो. पहिले काही आठवडे दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं सपाटीवर चालणं, बाकी काही नाही. मग घोंगडीवर उताणं पडून गुडघे मोडून कंबर उचलणं. मग रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि उलटा पाय लांब करणं, दहा आकडे. मग कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलून धरणं. यात पाठ हलत नाही, ती स्थिर धरायला शिकते. दिवाळीनंतर मुख्य धडा आला, वाकण्याचा. हो, वाकण्याचाच! कंबरेतून गोल होऊन नव्हे, तर जांघेतून मोडून, बूड मागे ढकलून, गुडघे सैल, पाठ सरळ. बुजुर्ग बायका खालची कळशी उचलताना एक पाय पुढे टाकून असंच काही करतात, निरखून बघा. आधी रिकाम्या हाताने, मग पाण्याच्या लहान कळशीने, मग अर्ध्या भाऱ्याने. दर आठवड्याला थोडं जास्त. रात्री दुखलं आणि सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवायचं, उतरलं नाही तर दोन पायऱ्या मागे.

यावर घरात जो आक्षेप आला तो तुमच्याही घरात येईल. "दिवसभर राबते, तिला आणखी कसला व्यायाम?" मला हा प्रश्न बायकांविरुद्धचा सर्वांत गोड बोलून केलेला अन्याय वाटतो. काम पाठीला हवं तेव्हा, हवं तेवढं येत नाही. ते येतं तसं घ्यावं लागतं. व्यायाम म्हणजे तेच ओझं आपल्या मापाने, आपल्या वेळेने पाठीला दाखवणं. शिवाय त्यासाठी रोजची वीस मिनिटं बाईची स्वतःची लागतात, आणि खरी अडचण तिथे आहे.

पुरुषांसाठी (आणि चढायची हौस असलेल्या सगळ्यांसाठी) आपल्याकडे रायगड आहे. सुमारे दीड हजार पायऱ्या आणि १९९६ पासून रोपवे. कंबरवाले लोक काय करतात? रोपवेने वर जातात आणि 'उतरताना काय, सोपंच' म्हणून पायऱ्यांनी उतरतात. मी उलटं सांगेन. सपाटीवर तासभर विनातक्रार चालता यायला लागलं की गड सावकाश चढा आणि रोपवेने उतरा. चढताना मांड्या आणि नितंब काम करतात, दम लागला की आपोआप थांबता. उतरताना दमलेल्या पायांनी दगडी पायऱ्यांवर प्रत्येक पावलाचा दणका थेट कंबरेत जातो. चालण्याबद्दल तर आता भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांचा अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला त्यांचं दुखणं उलटायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, न दिलेल्यांचं ११२ दिवसांत उलटलं. औषध म्हणून हे विकता आलं असतं तर टीव्हीवर जाहिरात लागली असती.

पट्ट्याची जाहिरात मात्र जोरात चालते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रोजच्या उपचारात पट्टे आणि ट्रॅक्शन नको म्हटलंय, व्यायाम आणि माहिती देणं हवं म्हटलंय. (चकतीने शीर दबल्याचं दुखणं त्यात मोजलेलं नाही, हे खरं.) पट्ट्याचा मी बघितलेला एकच नक्की उपयोग म्हणजे तो दिसतो, म्हणून बसमध्ये कोणीतरी जागा देतं.

आता जे गंमतीचं नाही ते. जांघांच्या मधला भाग, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तो, बधिर झाला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलेना आणि चप्पल निसटायला लागली, तर व्यायाम, लेप, मणका बसवणारा, सगळं बंद. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल. इथे तासांवर पायाचं आणि लघवीचं भवितव्य ठरतं, आणि आपल्याकडून मणक्याच्या सर्जनपर्यंत पोहोचायलाच तास जातात. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, त्यामुळे पुण्याचा भरवसा धरू नका, कुठल्या रस्त्याने कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवा. कंबरदुखीसोबत ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याचा टीबी डॉक्टरांनी तपासायला हवा. आणि लावणीच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या आणि कंबर पिळवटत असेल तर ती चकती नसून लेप्टो असू शकतो. चिखलात उभं राहणाऱ्याने ते अंगावर काढू नये.

यंदाच्या लावणीचं घरात ठरलंय ते असं. वहिनी खाचरात उतरणार, पण वीस-पंचवीस मिनिटांच्या पाळीने. पाळी संपली की वर येऊन सरळ उभं राहायचं, हात कंबरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे वाकायचं, बांधावर फेरी मारायची. वर आल्या आल्या भारा उचलायचा नाही, तो दादा आणि पुतण्याने न्यायचा. दाढीतली रोपं काढायला बसायची लहान फळी केली आहे. अर्धेलीचं बोलणं सध्या बंद आहे. आत्याचा या सगळ्याला विरोध नाही, पण फळीवर तीच आधी बसून बघते आहे असं कळलं. खराट्याला बांबू बांधून झालाय, फक्त वहिनींच्या मते तो दोन वीत लांब झालाय आणि तुळशीला लागतो. दादा तो कापून देणार आहे.